तिसरा टोला

“डुक्कर? कुठलं डुक्कर, ताई? काल अख्खं गाव बसून बसून आंबलं, आणि तू डुकरामागे धावत होतीस?”

“होते धावत! तुला काय करायचंय? चर्चच्या बागेतले कंद उकरत होतं मेलं.”

मी टाकी बोलतेय. गॅसची, रिकामी, बूड कापलेली, सवाई बेटावर नीरफणसाच्या फांदीला टांगलेली. या दोघी बहिणी माझ्याखालीच उभ्या राहून दुपारपासून भांडतायत. थोरली फुआतिनो, हातात हातोडा. धाकटी एसेता, कमरेवर हात. सूर्य पाण्याला टेकायला आला, टोल्याची वेळ झाली, आणि मला स्वस्थ लटकवत नाही. वारा नाही तरी हलतेय मी.

डुक्कर नव्हतंच. मी सांगते ना.

भरलेली होते तेव्हा दुकानामागे नव्या रंगात मिरवायचे. कुणी ठोकलं तर ‘थप्प’ एवढंच. मग चुलींनी मला पिऊन संपवलं. गंजत पडले, कोंबड्या अंगावर घाण करायच्या. फुआतिनोच्या नवऱ्यानं, तानिएलूनं, मला उचललं, टांगलं आणि एक टोला हाणला. अगं बाई! एवढा आवाज माझ्यात होता? पोट पुरतं रिकामं होईस्तोवर मला तरी कुठे ठाऊक होतं!

पहिल्या टोल्याला सगळ्यांनी घरी यायचं. दुसऱ्याला प्रार्थनेला बसायचं. तिसरा पडेपर्यंत कुणी उठायचं नाही, रस्त्यावरची बससुद्धा थांबते. तानिएलू दोन टोले देऊन घरात जायचा, गीताला सूर द्यायचा, आणि प्रार्थना आटोपली की बाहेर येऊन तिसरा. इथली घरं चारी बाजूंनी उघडी, मला सगळं दिसतं. डोळे मिटून माणसं भाताचा वास घेत असतात. एक हात देवापुढे, दुसऱ्यानं डास मारतात. अर्ध्या जिवानं कसलं आलंय वाजणं? मी बघते आणि जळते.

तानिएलू गेला, हातोडा फुआतिनोनं घेतला. टोला काय देते बाई! पण दुसऱ्या टोल्यानंतर घरात पाऊल टाकत नाही. माझ्याभोवती येरझाऱ्या घालते. कोण उशिरा आलं, कोण पाय पसरून बसलं, सगळ्यांवर डोळा. गाव म्हणतं, केवढी भक्ती! मी म्हणते, वाघ पिंजऱ्यात फिरतो तशी फिरते.

काल तिच्याच घरात एसेतानं तानिएलूचं आवडतं गीत काढलं. फुआतिनो तिसऱ्या टोल्यासाठी हातोडा उचलून उभी होती, तशीच राहिली. मग कपाळ माझ्या गंजाला टेकवून म्हणाली, “हात दिला ना तुला? रोज देते. बाकीचं माझं मला राहू दे.”

माझ्याशी नव्हती बोलत.

तिसरा टोला नाही, म्हणून गाव उठेना. एक गीत संपलं, दुसरं काढलं, मग आणखी एक. कोको घालून शिजत ठेवलेला भात घराघरातून करपला. बसचा ड्रायव्हर मान खाली घालून घालून घोरायला लागला, तेव्हा कुठे तिनं तिसरा दिला.

“वडीलमंडळी म्हणतायत, फुआतिनोला आता झेपत नाही,” आज माझ्याखाली उभी एसेता म्हणाली. “हातोडा काढून घेणार आहेत.”

“कोण घेतो बघते! या गावात देवाचं काम माझ्याएवढं कोण करतं?”

“काम करतेस गं. सगळ्यांना बसवतेस. तू कधी बसलीस? भाओजी तर आत यायचे.”

“मी आत बसले तर...” फुआतिनोनं हातोडा या हातातून त्या हातात घेतला. “ते टेकून बसायचे त्या खांबाशी ती रिकामी जागा. ती बघून माझ्या तोंडून शिव्या निघतील.”

“भाओजींना?”

“देवाला!”

“मग दे की! टाकीला काय सांगतेस, त्याला सांग. त्याच्या वाट्याला काय निम्मीच फुआतिनो? गोड बोलणारी तेवढी?”

“गोड? मी?”

“नाही गं बाई, चुकलं माझं.”

फुआतिनोला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच डोळे भरले. ते लपवायला तिनं मला पहिला टोला हाणला. पोरं समुद्रावरून घराकडे पळत सुटली. ती येरझाऱ्या घालू लागली, चार पावलं रस्त्याकडे, चार घराकडे. मी मनात म्हणत होते, अगं, रिकामी हो एकदा. दुखतं, गंजही चढतो, पण त्याशिवाय आवाज नाही निघत, मला विचार!

दुसरा टोला पडला. घराघरात माणसं बसली. सवयीनं तिचे पाय रस्त्याकडे वळले, आणि थांबले.

“झालं, निघाली पहारा करायला,” एसेता पुटपुटली.

फुआतिनो परतली, हातोडा एसेताच्या हातात कोंबला आणि म्हणाली, “धर, आणि माझं त्याच्याशी सगळं बोलून होईस्तोवर तिसरा टोला द्यायचा नाही, करपू दे गावाचा भात!”