रक्त देऊन घाटात पळालो

मी पिंपळवंडीच्या सयाजीचा खिल्लार बैल, बावऱ्या. शाळा बघितली ती कुंपणाबाहेरून, त्यामुळे गोड बोलता येत नाही. सांगायचं ते सरळ सांगतो.

आमच्या गोठ्यात एक संकरित गाय होती, लई दुधाची. गोचीड ताप आला आणि बघता बघता गेली. तसल्याच गोचिडी माझ्या कानात लोंबत होत्या. मला काही म्हणजे काही झालं नाही. मालकीण प्रयागबाई रिकामं दावं धरून रडत बसल्या. त्यांची लेक वृषाली मात्र माझ्याकडंच बघत राहिली. शरीर रोगाशी कसं लढतं, याचा अभ्यास ती पुण्याच्या प्रयोगशाळेत करते.

"आई, ह्याला कसं काहीच झालं नाही?"

"त्यो रेडा हाय नुसता. त्याला काय व्हतंय!"

रेडा! पण जाऊ दे, बाई दुःखात होती.

वृषालीनं माझं रक्त नेलं. काय सापडलं ते तिनं सयाजीला गोठ्यातच समजावलं. ताप आला की गायीच्या अंगातले शिपाई पिसाळतात, शत्रूबरोबर घरही जाळतात. माझे शिपाई डोकं थंड ठेवून लढतात. माझ्याविषयी 'थंड डोकं' म्हणणारं हे पहिलंच माणूस! तिनं लेख लिहून मोठ्या मासिकाला पाठवला. तो परत आला. म्हणे, एका बैलावरून काय ठरतं? आणखी बैल तपासा.

बैल काय कमी होते? राजुरीपासून पार आंबेगावपर्यंत दावणी भरलेल्या. पण सगळे माझ्यासारखे शर्यतीचे, घाटात म्हणजे चढाच्या धावपट्टीवर गाडा पळवणारे. राजुरीचा चिमाजी हात जोडून म्हणाला, "ताई, च्या घ्या, पोहे खा, पण रगात मागू नगा. रगात काढलं की बैल घाटात बसतो." त्याचं ऐकून बाकीच्यांनीही माना फिरवल्या.

वृषाली माझ्यापाशी येऊन बसली. "अण्णा, बैल मिळाले नाहीत तर माझं काम इथंच संपलं."

जत्रेच्या सकाळी, घाटाखाली, सगळ्या गाडामालकांच्या देखत सयाजीनं माझी मान धरली. "काढ रगात."

"आज? आणि हरला तर?"

"हरला तर चिमाजी खरा. काढ म्हणतो ना!"

छोटी नळी भरली. चिमाजी मोठ्यानं हसला. "सयाजीभाऊ, आता गाड्याला ट्रॅक्टर जोडा, राव!"

सुईचं मला काही वाटलं नाही. हसण्याचा मात्र राग आला. गाड्याला चौघं जुंपलो, पुढं वाट दाखवणारी घोडी सुटली आणि मी असा पळालो की शेजारचा जोडीदार माझ्यामागं ओढत आला. सेकंद पुकारले. आमची बारी, म्हणजे आमची धाव, पहिल्या नंबरात! गुलाल डोळ्यांत गेला, तरी दिसलं, चिमाजी स्वतःचा बैल घेऊन वृषालीपुढं उभा. "ताई, जरा हळू टोचा. भित्रा हाय माझा."

मग दावणीमागून दावणी उघडल्या. आता चिमाजीच गावोगाव सांगतो, रगात दिलं की बैल जास्त पळतो. वृषाली कपाळाला हात लावते.

लेख छापून आला. सयाजीनं पानं उलटीसुलटी केली. "ह्यात बावऱ्या कुठंय?"

"नावं नसतात, अण्णा. हा नंबर सात."

"सात? घाटात पयला आन कागदावर सातवा?"

मग तिनं शेवटच्या पानावरचे आभार वाचून दाखवले. जुन्नर-आंबेगावचे बैल आणि त्यांचे मालक. "पुन्हा वाच," सयाजी म्हणाला.

पुढं तिनं आणखी लेख लिहिले. परदेशातले लोक आपल्या लेखांत तिच्या कामाचा दाखला देतात, त्यावरून नव्या लशीची खटपट करतात. जनावरांच्या डॉक्टरकीची पोरं तिचं लिहिलेलं अभ्यासतात.

आता माझे गुडघे गेले. पळेनासा झालेल्या बैलाला लोक बाजार दाखवतात. मला पेंड मिळते. काल नारायणगावच्या लालचंदशेठची नात खुशबू आली होती. वृषालीची विद्यार्थिनी. पोरीला शीर सापडेना. मी शिंग हलवलं नाही. मान लांब करून उभा राहिलो.

वृषाली, आजवर सगळ्यांनी माझे पाय पाहिले. आत काय आहे ते फक्त तू विचारलंस. तुझे लई उपकार. अजून लिही, बाई. रक्त आहे तोवर घेत जा.