शेजारशेजारच्या दोन फळ्या

काटकोनकाकांनी फळीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं, कान खाली नेला आणि कुणाच्या दाराशी उभं राहून आतल्या चाहुलीची वाट पाहावी तसे थांबले. मग तळहात फिरवत पुढच्या फळीकडे सरकले. वखारीच्या आवारात बाकीचे चौघे हाताची घडी घालून उभे होते. पाळी काकांची होती. चिठ्ठ्यांमध्ये त्यांचीच पहिली निघाली होती.

जमिनीवर एका अक्रोडाच्या खोडाच्या दहा फळ्या ओळीनं मांडल्या होत्या. सकाळीच मोठ्या करवतीनं चिरलेल्या, अजून ओल्या. असं लाकूड सुटं मिळत नाही. घ्यायचं तर अख्खं खोड घ्या, हे वखारवाल्याचं म्हणणं. आणि अख्खं खोड एकट्याला झेपत नाही, म्हणून हे पाच जण वर्षातून एकदा एकत्र यायचे. खोड मिळून घ्यायचं, चिरून घ्यायचं, चिठ्ठ्या टाकायच्या आणि पाळीप्रमाणे प्रत्येकानं दोन फळ्या निवडायच्या. वर्षभर ते एकमेकांच्या कामाविषयी जे बोलत, ते या दिवशी बोलत नसत. निदान पहिला चहा होईपर्यंत.

"काका, आतून कुणी ओ देतंय का?" शोरूमनं विचारलं.

"देत होतं. तुझा आवाज ऐकला आणि कडी लावून घेतली."

शोरूमचं फर्निचरचं मोठं दुकान होतं. ते झाल्यापासून त्याचं मूळ नाव कुणी घेत नसे. काकांचं टोपणनाव त्याहून जुनं. चाळीस वर्षांत त्यांनी बनवलेल्या एकाही वस्तूचा कोपरा काटकोनाला चुकला नव्हता, आणि दुसऱ्यानं बनवलेल्या एकाही वस्तूचा, त्यांच्या मते, बरोबर आला नव्हता. नातेवाइकांकडे गेले तरी आधी दाराची चौकट बघायचे, मग माणसं.

आता बघण्याचंच अवघड झालं होतं. वर्षभरात त्यांची नजर मधोमध पुसट होत गेली होती. समोरच्याचे कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. हे फक्त त्यांच्या लेकीला ठाऊक होतं. ती नऊ वर्षं त्यांच्या कारखान्यात काम करत होती, आणि काका अजूनही तिची ओळख 'माझ्या हाताखाली असते' अशी करून देत. आज सकाळी टेंपोत बसता बसता त्यांनी तिला सांगून टाकलं होतं, की खोडात वाटा घेऊ असा शब्द दिलाय म्हणून जायचं, एवढंच. आपल्या दोन फळ्या शोरूम नेईल, त्याच्याशी बोलणं झालंय. महिनाअखेर कारखान्याची जागा टायरवाल्याला द्यायची. डोळ्यांशिवाय सुतारकाम म्हणजे... पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं होतं. लेकीनं टेंपो सुरू केला होता, जरा जास्तच आवाज करून.

"ही," काका म्हणाले. "आणि हिच्या शेजारची ही."

चौघांच्या माना एकदम पुढे आल्या. सगळ्यांचा जीव पाचव्या फळीत अडकला होता. खोडाच्या ऐन मध्यातली, सगळ्यांत रुंद, आत गडद आणि काठांना दुधाळ. काकांनी तिच्यावर हात फिरवला होता, टकटक केलं होतं, आणि तिला सोडून सातवी-आठवीवर बोट ठेवलं होतं. शाळेच्या वहीसारख्या सरळ, फक्त काठाशी जरा कलणाऱ्या रेघांच्या, दोन सोज्ज्वळ फळ्या.

"काका, नक्की ना?" शोरूमनं विचारलं. विचारताना त्याची नजर पाचवीवरून हलली नव्हती.

"माझं झालं. तू घे."

लेकीनं ओठ आवळले. सकाळपासून तिच्या मनात एकच होतं: रुंद फळी वाट्याला आली तर बाबांचा निश्चय ढळेल. असल्या लाकडाकडे पाठ फिरवून घरी बसणं कुठल्याच सुताराला जमत नाही. पण बाबांना ती दिसलीच नसावी. किंवा दिसूनही, देऊनच टाकायच्या तर कुठल्याही चालतील, असं त्यांनी ठरवलं असावं. यातलं अधिक वाईट कोणतं, हे तिला ठरवता येईना.

शोरूमनं रुंद फळी घेतली, तिच्यासोबत फोटो काढला, मग दुसऱ्या बाजूनं काढला. त्याच्यामागून बाकीच्या तिघांनी आपापल्या निवडल्या आणि खुणा करायची वेळ आली.

हे काम दर वर्षी काका करून घेत. यंदा त्यांनी ते शोरूमवर सोपवलं होतं, आणि शोरूमला कामं भराभर उरकायची सवय होती. त्यानं प्रत्येकाच्या हातात खडू दिला. प्रत्येकानं आपापली खूण केली, पण फळीच्या अंगावर एकानंही केली नाही. चांगल्या लाकडाच्या अंगावर रेघ ओढायला, ती हातानं पुसली जाणारी का असेना, या लोकांचा हात धजावत नाही. पोराबाळांवर हात उगारतील, फळीवर खडू उगारणार नाहीत. म्हणून सगळ्यांनी फळ्यांच्या कापलेल्या टोकांवर लहान, सुबक खुणा केल्या आणि समाधानानं चहाला गेले.

ओल्या फळीचं टोक आधी तडकतं. म्हणून फळ्या गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी वखारीत दोन्ही टोकं दोन दोन बोटं कापून टाकतात आणि ताज्या कापावर मेण लावतात. हे त्या पाचही जणांना पाठ होतं. करवतीवरच्या माणसालाही पाठ होतं. त्यानं ते केलं.

पहिला चहा चांगला झाला. दुसरा धुरकट लागला.

"चुलीत ओलं लाकूड घातलंय," साहेब कप हुंगून म्हणाले. साहेब बँकेतून निवृत्त झालेले हौशी सुतार. पाच जणांत सगळ्यांत भारी अवजारं त्यांची होती, आणि चार वर्षांपासून करायला घेतलेली एक खुर्ची होती. तिचे तीन पाय झाले होते.

"अक्रोड आहे," दारंखिडक्या करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला म्हणाला. त्याला धुरावरून लाकूड ओळखता यायचं.

"अक्रोड कोण जाळतं?" धाकटा म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांच्या कपांत पाहिलं. मग कप खाली ठेवायचं भान न राहता सगळे तसेच कपांसकट धावले.

फळ्या एकीवर एक नीट रचलेल्या होत्या, काही सुलट, काही उलट, टोकांना चकचकीत मेण लावलेल्या. मागोमाग आलेल्या चहावालीनं सांडशीत धरून आणलेला चुलीतला एक तुकडा दाखवला. त्यावर थोरल्याची अर्धी खूण शिल्लक आहे, असं थोरल्याचं मत पडलं. धाकट्याला ती आपली वाटली. साहेबांना ती काजळी वाटली.

"घाबरू नका," शोरूम म्हणाला. "माझ्याकडे फोटो आहेत."

होते. अकरा. सगळ्यांत शोरूम होता. लाकूड त्याच्या मागे.

रुंद फळी त्याची, यावर वाद नव्हता. उरलेल्या नऊ फळ्यांपैकी आपल्या कोणत्या, हे प्रत्येकाला स्वच्छ आठवत होतं. अडचण एवढीच, की एक फळी तिघांना आठवत होती आणि चार कुणालाच आठवत नव्हत्या.

"ती ज्वाळेसारखी नक्षी असलेली माझी," साहेब म्हणाले.

"साहेब, तुमची पाळी शेवटची होती. शेवटच्या माणसाला ज्वाळा उरते होय?" धाकटा म्हणाला. "माझी आहे ती. दादाला विचारा."

"मला काय विचारायचंय? माझी आहे," थोरला म्हणाला.

आवाज वाढले. गेल्या वर्षी कुणी कुणाच्या दारांना वाकडी म्हटलं होतं, ते निघालं. खुर्चीचा चौथा पायही निघाला. कटकटीला कंटाळून वखारवाल्यानं सगळं लाकूड परत घेतो म्हटलं, आणि ते नको यावर मात्र पाचही जणांचं एका दमात एकमत झालं.

"काकांना विचारू या," शेवटी थोरला म्हणाला. "काकांचा शब्द शेवटचा."

काका स्टुलावर बसले होते. ते उठले, फळ्यांपाशी आले आणि वरच्या फळीवर त्यांनी हात ठेवला. हात पुढे गेला, थांबला, मागे आला. लेकीला त्यांचा अंगठा दिसत होता. तो एकाच जागी पुन्हा पुन्हा घासत होता. दुसऱ्यांनी काय निवडलं, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. ती नकळत अर्धं पाऊल पुढे सरकली.

"तू सांग," काका म्हणाले.

"मी?"

"मग नऊ वर्षं काय नुसता भुसा झाडत होतीस?"

शोरूमनं भावांकडे पाहिलं, भावांनी साहेबांकडे. लेकीनं सगळ्या फळ्या खाली उतरवून घेतल्या. एकेकीभोवती फिरली. बोलू लागली तेव्हा आवाज इतका खाली होता, की साहेबांना वाकावं लागलं.

"ही साहेबांची. निवडताना तुम्ही हिच्यावर मोजपट्टी तीनदा लावलीत."

"चारदा," साहेब म्हणाले.

"त्यापलीकडची पण तुमचीच. ही शोरूमदादांची दुसरी. फोटो काढताना तुमचा बूट घासला, तो ओरखडा बघा."

शोरूमनं पाहिलं आणि बूट मागे घेतला.

धाकट्याच्या दोन फळ्या तिनं बाजूला काढल्या, थोरल्याची एक काढली. मग ज्वाळेच्या फळीपाशी येऊन थांबली.

"ही थोरल्या दादांची."

"कशावरून?" धाकटा म्हणाला.

"तुम्ही हिच्यावर वाकला होतात, तेवढ्यात त्यांनी बोट ठेवलं. तुम्ही म्हणालात, घे, घरातसुद्धा मोठं ताट तुलाच असतं. आणि हिच्या खालच्या अंगाला, या काठाशी, नखाएवढी गाठ आहे."

फळी उलटली. गाठ होती. धाकट्यानं ती निरखून पाहिली, जणू गाठीनंच फितुरी केली होती.

"ताटाचं म्हणालो होतो खरं," तो म्हणाला.

"नेहमीच म्हणतोस," थोरला म्हणाला, आणि फळीचं एक टोक त्यानं धाकट्याकडे दिलं. दोघांनी ती मिळून उचलली.

दोन फळ्या उरल्या. काकांच्या. त्या ओळखायची गरजच नव्हती, पण लेकीनं सवयीनं एक उलटली आणि दुसरीच्या शेजारी टेकवली. मग ती तशीच बसून राहिली. एका फळीतल्या रेघा काठाशी येत होत्या आणि दुसरीत शिरून, वळून, तशाच परत जात होत्या. एकाच कापाच्या दोन बाजू. मधोमध उघडलेल्या पुस्तकासारख्या. सकाळी हे तिला दिसलं नव्हतं. तिनं मान वर करून बाबांकडे पाहिलं. ते फाटकाच्या दिशेला तोंड करून उभे होते, जणू तिथं बघण्यासारखं काही होतं.

"चला, मिटलं," शोरूम म्हणाला. "मग काका, या दोन टाकू का माझ्या ट्रकमध्ये? ठरल्याप्रमाणे?"

"ओळखल्या तिनं," काका म्हणाले. "तिला विचार."

शोरूम तिच्याकडे वळला. भाऊ फळी हातात धरून थांबले. साहेबांनी मोजपट्टी मिटली.

"आमच्या टेंपोत," ती म्हणाली. साहेब ऐकायला वाकले, म्हणून पुन्हा म्हणाली. "आमच्या टेंपोत ठेवायच्या आहेत."

काका तोवर चाचपडत टेंपोपर्यंत पोचले होते.

टेंपो मोठ्या रस्त्याला लागला. मागे फळ्या खड्ड्याखड्ड्याला एकमेकींवर आपटत होत्या. लेकीनं वेग कमी केला.

"बाबा, रुंद फळी का सोडलीत?"

"झाडाचा मधला गाभा तिच्या पोटातून गेलाय. वाळताना बरोबर मधे फाटेल."

"कधी?"

"हा उन्हाळा काढेल. पुढचा नाही काढायची."

आज दुपारी दुसऱ्याच्या ट्रकमधून जायच्या होत्या त्या फळ्या. आणि या माणसानं त्या पुढच्या उन्हाळ्याचा विचार करून निवडल्या होत्या. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं, मग गाडी आपणच चालवतोय हे आठवून परत समोर केलं.

"शोरूमदादांना सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हणाला, फोटोत तर काही दिसत नाही."

ती हसली. काका हसले नाहीत. पण असं काही बोलून झाल्यावर ते कधीच हसत नसत. थोडा वेळ त्यांनी मागच्या आवाजाकडे कान लावला.

"गेल्यावर उभ्या करून ठेवू नकोस," ते म्हणाले. "आडव्या ठेव. खाली विटा, मधे पट्ट्या. दाराजवळ जागा कर त्यांना."

"दाराजवळ माझा बाक आहे, बाबा."

"तो खिडकीत घे."

"खिडकीत तुमचा आहे."

"माझा ने की आत, कोपऱ्यात."

"कोपऱ्यात उजेड नसतो."

"म्हणूनच," काका म्हणाले. "आणि हळू घे जरा. मागे ओल्या फळ्या आहेत."