दुपट्यातली नीळ

नवा कॅमेरा घेतल्यापासून भरतेश मगदूमांचं पिवळ्या रंगाशी वैर जडलं होतं. सांगलीत विश्रामबागेला त्यांचा जुना स्टुडिओ. उभ्या जन्मात रंगानं त्यांचा असा छळ मांडला नव्हता. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लावायचा, आकडा बावन्नशे ठेवायचा, मागच्या पडद्यावर फोटो झकास दिसायचा, आणि त्याचीच कच्ची, रॉ फाइल कॉम्प्युटरवर उघडली की सॉफ्टवेअर सत्तेचाळीसशे दाखवायचं. हातानं पुन्हा बावन्नशे टाकावा, तर नवरदेवापासून वाजंत्र्यापर्यंत सगळं वऱ्हाड हळदीत बुचकळून काढल्यासारखं दिसायचं.

"एकच फोटो, एकच आकडा, मग रंग दोन कसं?" असं ओरडून ते माउस आपटायचे. कॅमेऱ्याची मोजपट्टी वेगळी आणि सॉफ्टवेअरची वेगळी, दोघांनी आपापल्या परीनं केलेला तो अंदाज असतो, हे त्यांना कुणी तरी समजावलंही होतं. पण समजलं म्हणून राग थोडाच जातो? शेवटी त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. पिवळं दिसलं की सॉफ्टवेअरचीच चूक धरायची आणि माणूस गुलाबी होईपर्यंत सॉफ्टवेअरमधली रंगाची पट्टी निळ्याकडं ओढायची. गिऱ्हाइकं खूश होती. मग बरोबरच असणार, नाही का?

अशातच त्यांची लेक प्रियदर्शनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर मलकापूरहून विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"आवं पाव्हणं, पोर पिवळट दिसतंय की! आमच्या सुनंला नीट खायला घालताय न्हवं?"

विहीणबाई हसत बोलल्या, पण मगदूमांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मोबाइल भिकार हाय, त्येला मी काय करू?" म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि त्याच पावली कॅमेरा बाहेर काढला. खिडकीपाशी पाट मांडला, त्यावर दुपटं अंथरलं आणि नातवाला त्यात गुंडाळून दहा-बारा फोटो काढले. कॉम्प्युटरवर उघडले तर पोर पिवळं.

"हे बघ! हे बघ!" ते बायकोवर ओरडले. "सख्ख्या नातवालाबी सोडंना हे भिकारडं सॉफ्टवेअर."

चंदनबाला पदराला हात पुसत मागं उभी राहिली. "आवं, पण मलाबी पिवळाच दिसतोय तो. डाक्टरीणबाईंनी सांगितलं व्हतं, पिवळा वाटला तर लगीच आणा म्हणून."

"तुला काय कळतंय रंगातलं? अर्धं आयुष्य गेलं माझं ह्यात!"

पट्टी निळ्याकडं सरकली. पोराच्या गालांवर गुलाब फुलले. मगदूमांनी फोटो मलकापूरला पाठवला आणि वर लिहिलं, 'आता बघा.' तिकडून जोडलेल्या हातांची, फुलांची चित्रं आली. जावई बाहुबली कऱ्हाडच्या बँकेत होता. रजा टाकून बाळाला बघायला यायचं म्हणत होता, त्यानं फोटो बघून बेत रविवारवर ढकलला. प्रियदर्शनीलाही तिच्या अण्णांनी, म्हणजे मगदूमांनी, तोच फोटो दाखवला. तिनं तो पुन्हा पुन्हा बघितला, मग मांडीवरच्या लेकराकडं बघितलं आणि आईला म्हणाली, "आपल्या खोलीतला उजेडच वाईट असंल."

दुसऱ्या दिवशी पोर नुसतं झोपून राहिलं. चंदनबालानं दोनदा दवाखान्याचं नाव काढलं आणि दोन्ही वेळा तिला तो गुलाबी फोटो दाखवला गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोर अंगावर पिईना. प्रियदर्शनी रडकुंडीला आली. मगदूम मात्र त्याच फोटोची मोठी फ्रेम करायच्या नादात होते. पडद्यावर तो भिंतीएवढा करून बघत होते. चंदनबाला तावातावानं आत शिरली, ती बोलायला म्हणून. पण पडद्याकडं बघून थबकली.

"ह्या दुपट्याला नीळ कुणी घातली?"

"काय?"

"नीळ, नीळ! निळसर दिसतंय दुपटं. माझ्या जुन्या पांढऱ्या पातळाचं हाय ते, मी माझ्या हातानं धुतलंय. लेकराच्या कापडाला मी साबण लावत न्हाई, नीळ कवा घालीन?"

"अगं, ते सॉफ्टवेअर—"

"मग दुपटं निळं केलं सॉफ्टवेअरनं, आणि पोर गुलाबी कुणी केलं?"

मगदूम चिडले. असे चिडले, की तिचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरमधला ड्रॉपर उचलला. पांढऱ्या वस्तूवर तो टेकवला की ती वस्तू पांढरी धरून बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. "हे घे तुझं पांढरं!" म्हणत त्यांनी तो दुपट्याच्या घडीवर टेकवला.

दुपटं पांढरंशुभ्र झालं. पोराचं तोंड पिवळंधमक.

कॅमेऱ्याचा आकडा नाही, सॉफ्टवेअरचा नाही. दुपट्याच्या पांढऱ्यावरून लागलेला रंग होता तो. त्यावर चिडायला मगदूमांना जागाच उरली नाही. ते उठले. बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी लेकीच्या मांडीवरून पोराला उचललं आणि गॅलरीच्या उजेडात नेलं. पापणी हलकेच वर केली. डोळ्यातलं पांढरंही पिवळं झालं होतं.

"गाडी काढा," चंदनबाला म्हणाली. ती आता ओरडत नव्हती, आणि मगदूमांना तेच सोसेना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोराच्या पोटावर, मग तळपायावर बोट दाबून बघितलं. रक्त घेतलं आणि त्याला उघडं करून निळ्या दिव्याखाली ठेवलं.

"कावीळ आहे. पिवळेपणा पायापर्यंत उतरलाय. कधीपासून आहे?"

चंदनबालानं नवऱ्याकडं बघितलं.

"त्याचं असं झालं," मगदूम म्हणाले, "कॅमेऱ्यात बावन्नशे ठेवलं व्हतं, पण सॉफ्टवेअर—"

"काका, कॅमेऱ्याचं नको, बाळाचं सांगा. मला दिवस कळायला हवा."

"परवा," मगदूम म्हणाले. "परवाच पिवळं व्हतं. मीच काढून टाकलं ते. फोटोतनं."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. "आज आणलंत म्हणून बरं. होईल कमी. उद्यावर टाकलं असतंत, तर मी काही सांगू शकले नसते."

दोघं बाहेर आली. दाराबाहेरच्या बाकावर प्रियदर्शनी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मी आई हाय त्याची," ती दातओठ खात म्हणाली. "माझ्या डोळ्यांना दिसत व्हतं, अण्णा. तुमी फोटो दाखवून मला गप्प बसवलंत. माझ्या पोराच्या जिवापरीस मलकापूरच्या एका टोमण्याचं मोल तुमाला जास्त झालं."



"तिकडं फोन लावा," चंदनबाला म्हणाली. "आणि मी सांगणार न्हाई. तुमीच सांगायचं."

त्यांनी मलकापूरला फोन लावला. विहीणबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"काय पाव्हणं! आणि एक फोटो धाडताय व्हय?"

"न्हाई. बाहुबलीला घेऊन आजच्या आज या. पोराला कावीळ हाय, दवाखान्यात ठेवलंय. तुमी म्हणाला व्हता तेच खरं व्हतं. मी पाठवलेला फोटो खोटा व्हता."

विहीणबाईंनी असं तोंड सोडलं, की ते बाकावर बसलेल्या मायलेकींनाही ऐकू जाऊ लागलं. मगदूमांनी फोन कानापासून दूर धरला नाही.