नामावली कुठल्या फोल्डरातून आली

ज्याला फाइल जागेवर ठेवता येत नाही त्याने संगणकाला हात लावू नये, असं माझं मत आहे आणि ते मी कसबा पेठेतल्या आमच्या ऑफिसच्या भिंतीवर छापून लावलं आहे. आम्ही लाटेक नावाच्या सॉफ्टवेअरवर पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. ते गुणी आहे, पण त्याच्या फाइली कुठे ठेवायच्या ते जगभर ठरलेलं आहे. फॉन्ट फॉन्टच्या फोल्डरात, मांडणीच्या फाइली त्यांच्या फोल्डरात, अनेक पुस्तकांना लागणारा मजकूर सामाईक फोल्डरात. हे पाळलं की ते मागाल ती वस्तू शोधून आणतं. नाही पाळलं की भोगा.

बावीस वर्षं मी ते पाळतोय. नम्रता दीड वर्षापूर्वी आयटीतली नोकरी सोडून आमच्याकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "डेस्कटॉपवर ठेवलं तर काय बिघडतं, सर?" तेव्हापासून ती माझ्या डोक्यात गेलेली आहे.

वैजनाथ साळवे हे निवृत्त पोस्टमास्तर. छप्पन साली पुण्याहून नागपूरला दीक्षेला गेलेल्या माणसांच्या हकिगती त्यांनी चार भागांत लिहिल्या. प्रत्येक भागाच्या शेवटी त्या माणसांची नामावली, तीच ती, म्हणून सामाईक फोल्डरात ठेवलेली. पहिल्या तीन भागांत मंगळवार पेठेतली तेवीस नावं राहिली होती, कारण साळव्यांनाच ती उशिरा मिळाली. त्यांत द्वारकाबाईंचे वडील होते. बाई चौऱ्याऐंशीच्या. प्रत्येक भाग छापून आला की आमचे दोन जिने चढून यायच्या, "आलं का नाव?" विचारायच्या आणि नाही म्हटलं की आल्या पावली उतरायच्या. चौथा भाग शेवटचा. या खेपेला नाव येणार, असा मी त्यांना शब्द दिला होता. नावं घालायचं काम नम्रताकडे होतं.

सोमवारी पाचशे प्रती बांधून आल्या. रविवारी प्रकाशन. द्वारकाबाई दुपारीच हजर. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी बोट पुढे केलं.

"माझं बोट त्याच्यावर ठेव," त्या नम्रताला म्हणाल्या. "बाकी काय नको."

नम्रताने नामावली उघडली. एक पान, दुसरं पान, पुन्हा पहिलं. तिचा चेहरा उतरला तसं मी पुस्तक तिच्या हातातून ओढलं. मंगळवार पेठेतलं एकही नाव नव्हतं.

मी जो सुटलो तो सुटलोच. साळवे होते, बाइंडरचा माणूस होता, कुणाचीही पर्वा केली नाही. "डेस्कटॉपवर ठेवलीत ना फाइल? आपल्याला काय, पगार मिळाल्याशी मतलब! एका म्हाताऱ्या बाईची आयुष्यभराची आस तुम्ही मातीत घातलीत. अक्कल गहाण ठेवून येता का ऑफिसला?" आणखीही बोललो. ते लिहायची लाज वाटते.

नम्रता रडली नाही. "सर, मी फाइल सामाईक फोल्डरातच दुरुस्त केली. माझ्या मशिनवरच्या प्रुफात तेवीसच्या तेवीस नावं होती. साळवेसरांनी बघितलीयत. छपाईची फाइल तुमच्या मशिनवरून गेली."

छपाईची फाइल माझ्याच मशिनवरून निघते. नियम माझाच.

"मग विचारा मशिनला नामावली कुठून उचलली ते," मी तावातावाने म्हणालो आणि आज्ञा स्वतःच टाइप केली. उत्तरात फोल्डरच्या पत्त्याची एक ओळ आली. त्या ओळीत माझं नाव होतं. अनिरुद्ध.

दुसऱ्या भागाच्या वेळी नामावली तीन रकान्यांत बसते का ते मला बघायचं होतं. सामाईक फाइलला धक्का नको म्हणून मी तिची एक प्रत माझ्या खासगी फोल्डरात ठेवली. अगदी पद्धतशीर, ठरलेल्या जागी. आणि सॉफ्टवेअर आधी माणसाचं खासगी फोल्डर बघतं, मग ऑफिसचं, हेही ठरलेलंच. मी हे लोकांना शिकवतो. माझ्या मशिनने माझी जुनी प्रत उचलली आणि नम्रताची दुरुस्ती सामाईक फोल्डरातच पडून राहिली.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्याऐवजी मी काय केलं? घसा खाकरला आणि म्हणालो, "तांत्रिक घोटाळा झालाय. शेवटचा फर्मा, म्हणजे नामावलीची पानं, पुन्हा छापून घेऊ, माझ्या खर्चाने. रविवारच्या आत तुमच्या वडिलांचं नाव येईल, द्वारकाबाई."

बाईंनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"चूक कुणाची व्हती?"

"माझी."

"मग त्या पोरीला कशापायी बोलला?"

साळवे खिडकीबाहेर बघत होते.

"माझा बाप नगरपालिकेत झाडू मारायचा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "कुणाचंबी काय हरवलं, की चारचौघांत त्यालाच बोलायचे. वस्तू घावली की म्हणायचे, बरं झालं घावली. त्याला कुणी काय म्हणायचं नाही. ते बंद व्हावं म्हणून तो नागपूरला गेला. तुम्ही त्याचं नाव छापणार, आणि हिला असं बोलणार?"

"मी आत्ताच फाइल..."

"राहू द्या फाइल. आधी हिची माफी मागा. मोठ्यानं बोलला तेवढ्याच मोठ्यानं. नसंल जमत तर माझ्या बापाचं नाव तुमच्या पुस्तकात नको."