बादलीच्या काठावरची मधमाशी

“ही माशी उद्या काढून टाकणार आहे मी,” चित्रं दुरुस्त करायला आलेली तज्ज्ञ बाई म्हणाली. “मागाहून कुणीतरी घुसडलीय. लाँड्रीत मधमाशी कशाला येईल? ना फूल, ना फळ.”

चित्रात चार बायका बुटक्या छताखाली इस्त्री करत होत्या. खाली कोपऱ्यात एक बादली, आणि तिच्या काठावर गव्हाच्या दाण्याएवढी मधमाशी.

दाराशी उभी असलेली मावशी पुढं आली. सव्वीस वर्षं ती संग्रहालयाच्या या दालनाची राखण करत होती. ‘हात लावू नका’ म्हणायचं आणि संध्याकाळी खिडक्या तपासायच्या, एवढंच काम. तिचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तीही कुणाच्या अध्यातमध्यात नसे.

“बाई, ती फुलासाठी आलीच नाहीये,” मावशी म्हणाली. “पाण्यासाठी आलीय.”

“तुम्हाला काय माहीत?”

“या नोकरीआधी अकरा वर्षं इस्त्री केलीय मी. उन्हाळ्यात बाहेरची डबकी आटली की माश्या आत यायच्या. ओल्या चादरीवर बसायच्या, बादलीवर बसायच्या. नव्या पोरी झटकायला जायच्या आणि डंख खायच्या. आम्ही आपल्या गप्प. माशी पाणी प्यायची आणि जायची बिचारी.”

“पण मधमाशी म्हणजे कष्टाचं प्रतीक. म्हणून कुणी नंतर रंगवली असेल.”

“प्रतीक रंगवणारा तिला मधोमध बसवेल, चारचौघांना दिसेल अशी. कोपऱ्यात, पाण्याकडे तोंड करून कशाला बसवेल? ज्यानं ही रंगवली ना बाई, तो त्या खोलीत घाम गाळत उभा राहिलेला आहे.”

हातातला कापसाचा बोळा तज्ज्ञ बाईनं खाली ठेवला आणि भिंग उचललं.

तपासणीला दोन दिवस लागले. माशीचा रंग जुन्या वार्निशच्या खाली निघाला. पंखाची कड बादलीच्या ओल्या रंगात मिसळलेली होती. म्हणजे दोन्ही एकाच बैठकीत रंगवलेली. तज्ज्ञ बाईनं संग्रहालयाच्या प्रमुखांना मावशीसमोरच सांगितलं, “यांनी अडवलं नसतं, तर माझ्या हातून ती गेली असती.”

प्रमुखांनी चित्राखालच्या पाटीचा नवा मजकूर मावशीला वाचून दाखवला. “कष्टाचं प्रतीक, हे काढू ना आता?”

“राहू दे की. खोटं कुठंय ते?” मावशी म्हणाली. “पण आधी तहान लिहा.”

चित्र पुन्हा भिंतीवर लागलं, त्या आठवड्यात मावशीनं सुट्टी काढली आणि थोरल्या बहिणीला तिकीट काढून आत नेलं. बहिणीनं एकतीस वर्षं इस्त्री केली होती. पाठ कायमची वाकली होती, काठीशिवाय चालवत नव्हतं. पाटी तिनं वाचली नाही. माशीकडेही बघितलं नाही. चित्रात कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईकडेच ती बघत राहिली.

“हिचं टेबल बुटकं आहे गं,” ती म्हणाली.

“हो ना. बसतेस का जरा?”

“नको.”

तिनं काठी मावशीच्या हातात दिली, पदर नीट केला आणि त्या बाईसमोर, जमेल तेवढी ताठ, उभी राहिली.