पाणकणसांची भूक

धाकटीने कुंडाच्या तोंडाशी तुंबलेलं गवत दाताळ्याने ओढून काढलं आणि पलीकडून भरलेली पाण्याची बाटली उन्हात धरली. आरपार दिसत होतं. गोठ्याचं सांडपाणी खडीतल्या पाणकणसांच्या मुळांतून झिरपत इथवर आलं होतं, आणि प्रयोगशाळेने सकाळीच फोनवर सांगितलं होतं, औषधाचा अंश जवळजवळ नाही.

गोठा दादाचा. एवढा लांब, की या टोकाला जन्मलेलं वासरू त्या टोकाला पोचेपर्यंत त्याला शिंगं फुटावीत. आणि पेंडीत अँटिबायोटिक एवढं, की ओढ्यातल्या बेडकांना म्हणे कधी सर्दी होत नसे. हा विनोद दादाचाच. पण बाबांच्या पायाची जखम चिघळली, औषधांना सरावलेल्या जंतूंपुढे एकामागून एक सगळ्या औषधांनी हात टेकले आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला, तेव्हापासून धाकटीला त्यावर हसू येत नव्हतं. नोकरी सोडून तिने हे कुंड बांधलं ते एका बोलीवर : पाणी स्वच्छ निघालं की धडधाकट जनावरांना औषध चारणं बंद.

बाटली घेऊन ती पेंडीच्या खोलीत गेली. दादा यंत्रात औषधाच्या पांढऱ्या भुकटीचं पोतं रिकामं करत होता. शेजारी दुसरं उघडून ठेवलेलं.

"दादा, पाणी स्वच्छ आलं."

"कळलं की! म्हणून तर आज दोन पोती." त्याने हात झटकले. "ओढ्याकाठचे बोंब मारायचे म्हणून हात आखडून टाकत होतो. आता तुझी पाणकणसं उपाशी मरायला नकोत, बाई."

"तू शब्द दिला होतास."

"तेव्हा कुंडावर भरवसा नव्हता गं. आता आहे. बहीण कुणाची!"

धाकटी माघारी फिरली. कुंडाला वळसा घालून सांडपाणी थेट ओढ्यात सोडणारा एक व्हॉल्व्ह होता. तिने तो दोन्ही हातांनी पिळला. तपकिरी, फेसाळ लोंढा उतारावरून धावला.

दादा मागोमाग आला. ओरडला नाही, धावला नाही. बांधावर ऐसपैस बसला.

"सोड, सोड. लोक चवताळतील, मग मला औषध बंद करावंच लागेल. डोकं चांगलं आहे तुझं."

खाली वळणावर एक म्हातारी ओढ्यात भाजी धूत होती.

"मावशी, बाहेर या! पाण्याला हात लावू नका!"

"का गं? मगर आली काय?" म्हातारी हसली आणि दुसरी जुडी बुचकळू लागली.

धाकटीने व्हॉल्व्ह उलटा पिळला. तो जाम झाला होता. तळव्याची साल निघाली तेव्हा कुठे बंद झाला. मग ती उतारावरून धावत गेली, म्हातारीला हाताला धरून वर ओढलं, भाजी फेकून दिली आणि शिव्या खाऊन परत आली.

दादा तिथेच होता. खिशातून त्याने मोजायची टेप काढली आणि एक टोक तिच्यापुढे धरलं.

"दुसरं कुंड इथून काढू या?"

तिने सोललेला तळवा कपड्याला पुसला. मग तिने टोक धरलं. दादा पावलं टाकत मागे गेला, थांबला.

"एवढं बास?"

"आणखी मागे जा," धाकटी म्हणाली. "एवढ्यात नाही भागायचं."