जुव्यावरची सोय

हरिहरराव रत्नागिरीच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, पण आयुष्यभर जोपासलेला संशय इथेच ठेवून जा असं काही कुणी सांगितलं नाही. मग तो त्यांच्याबरोबर घरी आला. टेलिफोनवाले मधूनच कान लावतात, दूधवाला पाणी घालतो ते निदान विहिरीचं तरी असतं का कोण जाणे, आणि शेजारचे लोक कुंपणाच्या गडग्याचा चिरा रोज बोटभर इकडे सरकवतात, अशी त्यांची खात्री होती. मेव्हण्याशी तर त्यांनी एका आंब्याच्या पेटीवरून संबंध तोडले होते. मालगुंडहून रघूने प्रेमाने पाठवलेल्या हापूसच्या पेटीत खालचा थर कर्नाटकी आहे, असं यांचं म्हणणं. रघूने देवाची शपथ घेतली. पण देवाची शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलणारी माणसं हरिहररावांनी रोज पाहिलेली, त्यामुळे शपथेने संशय उलट वाढला. तेव्हापासून त्यांनी सासुरवाडीचं नाव टाकलं.

सुनेत्राबाई मात्र दरवर्षी दिवाळी सरली की चार दिवस माहेरी जाऊन येत. येताना ओटी भरलेली असे, चेहरा उजळलेला असे, आणि पुढे महिनाभर त्या स्वयंपाक करताना गुणगुणत. आपल्याला न आवडणाऱ्या घरी जाऊन बायको इतकी खूश कशी होते, हे हरिहररावांना खुपायचं, पण त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

ते निघालं दोन हजार चारच्या माघात. लवू पाडेली परसातले माड उतरवायला आला होता. काम झाल्यावर पायरीवर चहा पिता पिता त्याला मालगुंडची आठवण झाली.

"रघूभाऊंनी घर इकलानी, ठावं हाय न्हवं?" तो म्हणाला. "दोन पावसाळे झाले. ते गेले मुंबयला. पाडून लॉज उठवलाय तकडं. गणपतीपुळ्याची माणसं उतरतात."

हरिहररावांच्या हातातला चहा निवून गेला. दोन पावसाळे. म्हणजे गेल्या दिवाळीनंतर सुनेत्रा गेली ती कुठल्या माहेरी? त्याच्या आदल्या वर्षी कुठल्या? घर जमीनदोस्त झालेलं, रघू मुंबईला, आणि ही बाई तांदूळ-नारळाने ओटी भरून परत येते. त्यांच्या मनात जे आलं ते या वयात मनात आणायचीही त्यांना लाज वाटली. पण आलं ते आलंच, आणि एकदा आल्यावर जाईना.

त्यांनी विचारलं नाही. उत्तर आपल्या खिशात असल्याशिवाय साक्षीदाराला प्रश्न टाकायचा नाही, हे ते नवख्या वकिलांना बाहेर व्हरांड्यात सांगत आले होते. त्यांनी फक्त डोळ्यांत तेल घालून पाहायला सुरुवात केली. आणि आठवडा गेला नसेल, तोच सुनेत्राबाई पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, आपण दोघं कुठेतरी दोन दिवस जाऊ या का? दाभोळच्या खाडीत जुवं आहे ना एक, तिथे आता स्वस्तात राहायची सोय झालीय म्हणे."

खाडीतल्या बेटाला इकडे जुवं म्हणतात. एवढ्या वर्षांत हिने कधी त्या गुहागरच्या बाजूचं नाव काढलं नाही, आणि आज एकदम जुवं?

"कोण म्हणे?" हरिहररावांनी विचारलं.

"असंच, बायकांच्यात बोलणं निघालं. राहायचं कुठे ते तुम्ही ठरवा. मला त्यातलं काय कळतंय."

नवऱ्याला त्यातलं सगळं कळतं, हे सुनेत्राबाई सहसा आपण होऊन कबूल करत नसत. हरिहररावांच्या मनात पाल चुकचुकली. म्हणूनच ते लगेच हो म्हणाले.

एसटीने धक्का गाठला, धक्क्यावरून होडी. होडीवाल्याने हरिहररावांना कुठले, कुणाकडे, कशासाठी, सगळं विचारून घेतलं. सुनेत्राबाईंना काही विचारलं नाही, नुसती त्यांची पिशवी घेऊन पुढच्या फळीखाली ठेवली. फळीखाली पाणी लागत नाही, हे सुनेत्राबाईंना ठाऊक असावं, कारण त्यांनी पिशवीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हरिहररावांनी तेवढं टिपलं आणि पलीकडच्या तिवरांकडे पाहत बसले.

जुव्यावर उतरायच्या जागा तीन. पहिली नव्या कॉटेजांची. मालक इतका हसतमुख होता की हरिहररावांनी तिथे बसायलाही नकार दिला. दुसरी एका निवृत्त मास्तरांच्या घरातली खोली. चादरी पांढऱ्याशुभ्र, मोरीत ओलाव्याचा डाग नाही, खिडकीतून खाडी दिसते. सुनेत्राबाई म्हणाल्या, "छान आहे हो." हरिहररावांनी गादी उचलून खाली पाहिलं, नळ सोडून पाहिला, आणि बाहेर येऊन हळूच म्हणाले, "इतकी स्वच्छ आहे म्हणजे इथे कुणी उतरत नाही. का उतरत नाही? काहीतरी असणार."

तिसरं घर पार टोकाला, माडांच्या मागे. जांभ्याचं, कौलारू. दारावरच्या पत्र्यावर हाताने रंगवलेलं होतं: 'घरगुती राहण्याची सोय. बायकांची खोली वेगळी. पुरुषांची वेगळी. जेवण मिळेल.' आत एकेका लांबट खोलीत ओळीने लोखंडी कॉट, प्रत्येकीवर एक घडी घातलेली चादर. दर तर धर्मशाळेचा.

"हे नको बाई," सुनेत्राबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "परक्या माणसांत काय निजायचं? आणि खाटा कुरकुरत असणार. आपण मास्तरांकडेच जाऊ."

ही बाई तीस वर्षं कशालाच नको म्हणत नाही, आणि इथे आत न जाताच नको म्हणते. का? हरिहररावांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "इथेच राहायचं," ते म्हणाले आणि आपण तिला कसं पेचात धरलं या आनंदात चपला काढू लागले.

तेवढ्यात घराची मालकीण बाहेर आली. आनंदीबाई म्हणून साठीपलीकडची बाई, काटक, पदर खोचलेला. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. तिने तो तुकडा सुनेत्राबाईंवरून ओवाळला, अंगणात भिरकावला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं, आणि मग तिची नजर हरिहररावांवर गेली. ती थबकली. घाईघाईने आत जाऊन आणखी एक तुकडा घेऊन आली आणि त्यांच्यावरूनही ओवाळला.

"हे काय?" हरिहररावांनी विचारलं.

"आमची पद्धत हाय," आनंदीबाई म्हणाली. "उतारूवरनं ओवाळायचं."

भाकरतुकडा ओवाळून टाकतात तो घरी परत आलेल्या माणसावरून. गावाहून आलेल्या लेकीवरून, बाळंतिणीवरून, फार तर दुखण्यातून उठलेल्यावरून. लॉजमध्ये गिऱ्हाइकावरून ओवाळल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि पहिला तुकडा एकटीसाठीच आणला होता. त्यांनी सुनेत्राबाईंकडे पाहिलं. त्या पदराने तोंड पुसत होत्या, आणि जरा जास्तच वेळ पुसत होत्या.

दुपारी जेवायला बसले तेव्हा तर संशयाला ऊत आला. पुरुषांच्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. ओटीवर चटया टाकलेल्या होत्या, पण हरिहररावांसाठी पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी. पानात घावन, वाटीत गुळाचा नारळाचा रस, वर तुपाची धार. आमटीत लसूण नव्हती. हरिहररावांना लसूण चालत नाही, पण ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

एवढ्याशा भाड्यात रांगोळी कोण काढतं? आपल्याला काहीतरी गळ्यात मारणार. जमीन असेल, नाहीतर कोर्टातलं एखादं रखडलेलं प्रकरण. की आपल्याला खूश ठेवून दुसरंच काही झाकायचंय? शेवटचा विचार आला आणि घास तोंडातच फिरू लागला. घावन मऊ होतं, रस गोड होता, आणि हरिहररावांना त्यातलं काहीही लागत नव्हतं. भीती वाटत होती की आपण जिच्याबरोबर जन्म काढला ती बाई आपल्याला माहीतच नाही.

वाढायला काशी होती, आनंदीबाईची भाची. चाळिशीची, तोंडाची फटकळ, आणि बहुधा तिला कुणी काही बजावायचं विसरलं होतं. तिने दुसरं घावन पानात टाकलं आणि सुनेत्राबाईंना म्हणाली, "ताई, यंदा भावजींना आणलंस ता बरा केलंस गो. मावशी दर खेपेला इचारी, जावाय कवा दाखवणार म्हणून."

आनंदीबाईने काशीकडे पाहिलं आणि काशी भांडं घेऊन आत गेली.

हरिहरराव पाटावरून उठले. हात धुतले, पंच्याला पुसले, आणि मग विचारलं, "कितव्यांदा आलीस तू इथे?"

"तिसऱ्यांदा," सुनेत्राबाई म्हणाल्या.

त्या अंगणातल्या दगडी डोणीवर जाऊन बसल्या. आवाज कापत नव्हता, उलट मोकळा वाटत होता. "रघूने घर विकलं ते मला कळवलंच नव्हतं. तुमच्याशी बोलणं नाही, आणि पत्र टाकलं तर ते आधी तुमच्या हाती पडणार. मी नेहमीसारखी मालगुंडला उतरले, तर नुसते खणलेले चर. आमच्या विहिरीवर ताडपत्री. लॉजचा माणूस म्हणाला, काय हवंय बाई? मी काय सांगणार?"

"मग घरी यायचं."

"तुम्ही विचारलं असतंत, लगेच कशी परतलीस. मी सांगितलं असतं, घर विकलं. तुम्ही म्हणाला असतात, बघ, मी म्हणत नव्हतो, माणसं खोटी आहेत म्हणून. माझं माहेर मोडलं होतं आणि वर मला तुम्ही बरोबर होतात हे ऐकून घ्यायचं होतं. माझ्याच्याने ते झालं नसतं. पुळ्याच्या स्टँडवर रडत बसले होते तर ही काशी भेटली. देवाला आली होती. म्हणाली, चल माझ्या मावशीकडे, स्वस्तात राहायची सोय आहे."

आनंदीबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "पयल्या दिशी ती दोन घास जेवली नी निजली ती दुसऱ्या दिशी उठली. मी म्हटलं, ही काय उतारू न्हवं. लेक आल्याशी वाटली. माजी लेक ऱ्हायली न्हाय. मंग जाताना ओटी भरलंय. भाडं घेतलंय, खोटं कशाला बोलू. पण ओटी भरलंय."

हरिहररावांना संशयाचं निरसन झाल्यावर जे बरं वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. कुणी पुरुष नव्हता, कसली भानगड नव्हती. तरी बायको दोन वर्षं खोटं बोलली, आणि इतकं सफाईने की कोर्टात केस पांढरे केलेल्या माणसाला ताकास तूर लागू दिली नाही.

"आणि मला आणायचं होतं तर सरळ सांगायचं. हे नको, मास्तरांकडे जाऊ, हे नाटक कशाला?"

"मी चांगलं म्हटलं असतं तर तुम्ही उंबरा ओलांडला असतात का?" सुनेत्राबाई म्हणाल्या. "दोन्ही वर्षी परतताना तुमच्याशी काय खोटं बोलायचं ते होडीत पाठ करत यायचे. कंटाळा आला हो त्याचा. म्हटलं, तुम्हीच बघा आणि काय ठरवायचं ते ठरवा."

संध्याकाळ त्यांनी खाडीकाठी फेऱ्या मारत काढली. रात्री पुरुषांच्या खोलीत सगळ्या रिकाम्या कॉटमध्ये ते एकटेच झोपले. भिंतीपलीकडे बायकांच्या खोलीत हसणं चाललं होतं. त्यात सुनेत्राचं हसू कुठलं, ते त्यांना पुष्कळ वेळ ओळखता आलं नाही. घरी ते इतकं मोठं कधी नसे.

सकाळी भरती आली आणि होडी लागली. हरिहररावांनी पिशवी उचलली. सुनेत्राबाईंनी उचलली नाही. आनंदीबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मुलीकडची माणसं बोलतात तशी हात जोडून म्हणाली, "जावायबापू, लेक चार दीस ऱ्हाऊ दे आमच्याकडं."

रीत अशी की जावयाने आढेवेढे घ्यावेत आणि शेवटी हो म्हणावं. हरिहरराव आढेवेढे घेण्यात तरबेज होते. ते सुनेत्राबाईंना बाजूला घेऊन गेले.

"मला एवढंच सांग," ते म्हणाले, "माहेर लागतं ते सासरी जाच असला तर. तुला आता कसला जाच? बाबा गेले. आई जाऊनही जमाना झाला. पोरगा म्हणशील तर सलिल मुंबईला. सासरी म्हणून आता घरात आहे कोण?"

विचारून झालं आणि त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं. साक्षीदार स्वतःच्याच तोंडाने अडकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते त्यांनी वर्षानुवर्षं खालच्या टेबलावरून पाहिलं होतं. सुनेत्राबाई त्यांच्याकडे पाहत नुसत्या उभ्या राहिल्या, आणि हरिहररावांना रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं.

ते होडीत जाऊन बसले. आनंदीबाई काठापर्यंत आली होती. "मंग न्यायला कवा येताव?" तिने विचारलं.

"ती सांगेल तेव्हा," हरिहरराव म्हणाले, आणि सुनेत्राबाईंकडे पाहू लागले. होडीवाल्याने वल्ह्याने काठ ढकलला. मध्ये पाणी वाढत गेलं. सुनेत्राबाई काठावर उभ्या होत्या, हातही हलवत होत्या. दिवस मात्र त्यांनी सांगितला नाही.